झेपेल तेवढं घर

कर्ज फिटलं की फाइल बंद होते आणि गोडाऊनला जाते. त्या फाइलीतला किस्सा मात्र कुठंच जात नाही. तो आमच्या चहाच्या टेबलावर येऊन बसतो! वीस वर्षं मी म्हैसूरला घरकर्जाच्या एका शाखेत नोकरी करतेय. आता त्या टेबलावर कप ठेवायलासुद्धा जागा नाही, एवढे किस्से साचलेत.

माझं काम सोपं आहे. माणूस समोर बसतो आणि घर सांगायला लागतो. तीस बाय चाळीसची साइट, म्हणजे प्लॉट, दोन मजले, पुढं तुळस, खाली गाडीला जागा. मी सगळं ऐकून घेते आणि पगाराची स्लिप मागते. मग कॉम्प्युटरात आकडे घालते आणि सांगते, "तुम्हाला एवढ्या लाखांचं घर झेपेल." त्यानंतर मी दोन मिनिटं खिडकीबाहेर बघते, कारण त्याच्या तोंडाकडं बघवत नाही.

मी सुनंदा माने. आमचे खापरपणजोबा म्हणे राजाच्या घोडदळात होते. घोडा गेला, तलवार गेली, मराठी तेवढी राहिली, तीपण अर्धी कन्नड होऊन! वाक्याच्या शेवटी "अल्वा" आलं तर दचकू नका. तुमच्या "हो ना"सारखंच आहे ते.

आणि गंमत ऐका. सगळ्या गावाला घर मिळवून देणारी ही बाई स्वतः दुसऱ्याच्या घरात राहायची. भोग्यावर. महाराष्ट्रातल्या माणसांना हे माहीत नसतं, म्हणून सांगते. मालकाला एकरकमी मोठा पैसा द्यायचा आणि तीन वर्षं बिनभाड्यानं राहायचं. तीन वर्षांनी घर परत करायचं, पैसा परत घ्यायचा. व्याज नाही, भाडं नाही. आमच्याकडं हे घरोघरी चालतं.

आमचे आठ लाख असे सरोजम्मांकडं होते. बन्नीमंटपच्या मागच्या गल्लीत त्यांचं वीस बाय तीसचं दुमजली घर. खाली त्या, वर मी आणि आमचे हे. तीन-तीन करत अठरा वर्षं काढली. स्वतःचं घर घ्यायचं म्हटलं की आमचा सगळा हिशेब त्या आठ लाखांवर येऊन थांबायचा. ते परत मिळाले तर घर, नाही तर पुढची तीन वर्षं.

घर चांगलं होतं हो. तक्रार एकच, बाथरूमचा नळ गळायचा. भोग्याच्या घरात दुरुस्ती मालकानं करायची असते. मी सांगायला गेले की सरोजम्मा म्हणायच्या, "दसरा होऊन जाऊ दे, मग बघू." असे अठरा दसरे झाले! आमचे हे नळाला चिंधी बांधून ठेवायचे.

ते आठ लाखांचं शेवटी सांगते. आधी लोकांचं.

*

एक जोडपं आलं होतं. तो एका कारखान्यात सुपरवायझर, ती घरीच शिवणकाम करायची. मी स्लिप बघून सवयीनं मोठ्यानं वाचलं, "हातात येतात अठ्ठावन्न हजार."

बायकोनं मान वळवली. "अठ्ठावन्न? मला तर बेचाळीस सांगता!"

त्या माणसाला घाम फुटला. वर पंखा फुल होता तरी! तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा हळू वाचता का?"

ती उठून गेली. मागोमाग तोही. नंजुंडप्पा, म्हणजे आमचा अटेंडर, त्यांचा चहा परत घेऊन जाताना म्हणाला, "फाइल गेली, मॅडम." मलाही तेच वाटलं. एका आवाजानं मी एक संसार मोडला की काय, म्हणून दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पुढच्या सोमवारी दोघं परत आले. वरच्या सोळा हजारांचं तो काय करायचा, तर बायकोला न सांगता डाऊन पेमेंटसाठी साठवायचा. चार लाख झाले होते. हे ऐकून मी तिच्याकडं बघितलं, तर ती मान खाली घालून पर्समधून काहीतरी काढत होती. चिटफंडाचं पासबुक! शिवणाच्या पैशातून तीन लाख. त्याला पत्ता नव्हता.

दोघांनी एकमेकांपासून लपवलेलं एकत्र केलं आणि घर घेतलं! मी हा किस्सा घरी सांगितला तेव्हा आमचे हे पोट धरून हसले. "काय एकेक लोक असतात!" म्हणाले. लक्षात ठेवा हां हे.

*

आमच्या शाखेत सांगलीहून कुलकर्णी आले. तरुण मुलगा, हुशार, शुद्ध मराठी. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "या, बसा, कॉफी घेता अल्वा?" तर म्हणाले, "नको, अल्वा नको, साधी कॉफीच द्या." असो!

कुलकर्ण्यांना इथं घर घ्यायचं होतं. लोकांना आपण सांगतो तसं स्वतःला पण नीट सांगायचं, म्हणून त्यांनी एक्सेल शीट केली. दूध, पेट्रोल, आईला पाठवायचे, मोबाइल, गणपतीची वर्गणी, चप्पल. चप्पल वर्षाला एक जोड धरून त्याला बारानं भागलेलं! शेवटी खाली हप्ता. आणि त्याच्याखाली लाल अक्षरात, महिन्याला अकरा हजारांची तूट.

आठ महिने हा मुलगा त्या तुटीच्या मागं लागला. सिनेमा बंद केला. हॉटेल बंद. केस कापायचे पुढं ढकलले. तूट सात हजारांवर आली आणि तिथंच बसली. चेहरा सुकला हो पोराचा! आम्ही सगळ्यांनी ती शीट बघितली. मी बघितली, वीस वर्षांचा अनुभव घेऊन बघितली. चूक काही दिसेना.

एक दिवस नंजुंडप्पा कॉफी ठेवायला वाकला आणि स्क्रीनकडं बघत थांबला. तो रोज नंजनगूडहून ट्रेननं येतो, दहावी झालेला आहे, एक्सेलशी त्याचा संबंध नाही. म्हणाला, "सार, एक विचारू? स्वतःचं घर घेतल्यावर हे नऊ हजार भाडं कुणाला देणार?"

कुलकर्णी स्क्रीनकडं बघत राहिले. मग उठले, बॅग घेतली, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून केस कापायला गेले.

*

नंजुंडप्पावरून आठवलं. आमचे मॅनेजर सोमशेखर सार नवीनच बदलून आले होते. त्यांना वाटलं, अटेंडरला स्टाफचं कमी व्याजाचं कर्ज मिळतं, तर त्यानं म्हैसूरला घर का घेऊ नये? त्याला बोलावून बसवलं आणि स्वतः आकडे घालून दाखवले. हप्ता किती, सवलत किती. फायदे सांगितले. "रोजचा प्रवास वाचेल बघ."

नंजुंडप्पानं शांतपणे विचारलं, "सार, घर कितीला?"

"चाळीस लाख."

"आणि वाचणार किती?"

"जायला निदान पंचवीस मिनिटं, यायला पंचवीस."

त्यानं बोटं मोजली, छताकडं बघितलं. "चाळीस लाख लई झाले सार. त्यापेक्षा मी पंचवीस मिनिटं लवकर उठतो!"

सारांनी आयुष्यात एवढं छोटं अप्रेझल कधी ऐकलं नव्हतं. आजही कुठलं गिऱ्हाईक फार मोठं घर मागायला लागलं, की सार हळूच विचारतात, "तुम्ही सकाळी किती वाजता उठता?"

*

नजरबादला एक मेष्ट्रु भाड्यानं राहायचे. मेष्ट्रु म्हणजे शाळामास्तर. दरवर्षी जूनमध्ये इन्क्रीमेंट लागलं की ते छत्री घेऊन यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि विचारायचे, "ईग एष्टु?" आता किती?

मी आकडे घालून सांगायची. दरवर्षी त्यांची ऐपत एक लाखानं वाढायची आणि घरांचे भाव तीन लाखांनी. ते मान डोलवायचे, "सरी, बरं, पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे आणि छत्री घेऊन जायचे. मला फार वाईट वाटायचं. चांगला माणूस, दरवर्षी एवढं चालत येतो आणि माझ्या तोंडून नकार ऐकून जातो.

पहिल्याच वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, हप्ता झेपेल की नाही हे आधी कसं कळणार?" मी आपलं सुचेल ते सांगितलं, "मेष्ट्रे, सराव करा. कर्ज घेतलंय असं समजून दर महिन्याला तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाका. उरलेल्या पैशात घर चाललं, तर झेपतं म्हणायचं." हे सांगून मी विसरून गेले.

अकराव्या वर्षी ते आले तेव्हा हातात छत्री नव्हती, केळीचा घड होता. नंजनगूडची केळी, वास सगळ्या ऑफिसभर! मी म्हटलं, "काय मेष्ट्रे, या वर्षी विचारणार नाही का, आता किती?"

"नाही मॅडम. रविवारी गृहप्रवेश आहे, तुम्ही यायचं. नंजनगूडच्या बाहेर छोटं घर बांधलं."

"कर्ज कुठून घेतलं?" माझा आवाज चढला. अकरा वर्षं माझ्याकडं यायचे आणि कर्ज दुसरीकडून!

"घेतलंच नाही. तुम्ही सराव करा म्हणाला होता, पण किती वर्षं करायचा ते सांगितलं नव्हतं. करत राहिलो. घरच झालं!"

मी गृहप्रवेशाला गेले. दोन केळी खाऊन घरी आले आणि ह्यांना म्हटलं, "पुढच्या एक तारखेपासून आपण पण सराव." सहा वर्षं केला. बारा लाख जमले. दुसऱ्याला दिलेला सल्ला स्वतः घ्यायला मला दहा वर्षं लागली, पण घेतला हो.

*

एक सॉफ्टवेअरवालं जोडपं होतं. दोघांचा मिळून पगार ऐकून कुलकर्ण्यांचे डोळे पांढरे झाले. मोबाइलवरच्या कुठल्या अ‍ॅपनं त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला नव्वद लाख झेपतील. मुलगा फार उत्साहात होता. चार खोल्या, एक जिमला, एक ऑफिसला.

मी फॉर्म दिला. त्यात एक रकाना असतो, तुमच्यावर अवलंबून माणसं किती. त्यानं ऐटीत शून्य लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म बायकोकडं सरकवला. ती बराच वेळ पेन धरून बसली. मग शून्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, एक.

त्यानं बघितलं. कपाळाला आठ्या. "का? तुझी आई येतेय राहायला?"

तिनं पेनाला टोपण लावलं. मला कळलं. कुलकर्ण्यांना काही कळलं नव्हतं, ते म्हणाले, "आई असतील तर वयाचा दाखला लागेल हां."

"वय नाहीय अजून," ती मुलगी म्हणाली.

अय्यो! त्या पोराच्या डोक्यात प्रकाश पडायला पुरते दहा सेकंद लागले. मग तो खुर्चीतून उठला, बसला, परत उठला. मी इकडं पुढची पाच वर्षं एकाच पगाराची धरून आकडे बदलले. "ऐपत नव्वदवरून साठवर आली," मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर कुणीतरी तीस लाख कमी झाले म्हणून सगळ्या ऑफिसला मिठाई वाटली!

*

आता माझं.

गेल्या वर्षी आम्ही रिंग रोडच्या बाहेर एक दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला. सत्तेचाळीस लाख. माझ्या पगारावर आणि ह्यांच्या फ्रेमिंगच्या दुकानावर मिळून कर्ज बसत होतं सत्तावीस. सरावाचे बारा. झाले एकोणचाळीस. आणि सरोजम्मांकडचे आठ. बरोब्बर सत्तेचाळीस! बिल्डर म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो.

मी खाली जाऊन सरोजम्मांना सांगितलं. त्यांना खरंच आनंद झाला. हातात साखर ठेवली. मग म्हणाल्या, "पैसे देते. नवीन भाडेकरू बघते."

भोग्यात असंच असतं. मालक काही पैसे कपाटात ठेवत नाही. नवीन माणसाकडून घ्यायचे, जुन्याला द्यायचे. आमचे आठ लाख सरोजम्मांच्या यजमानांच्या आजारपणात गेले होते, हे आम्हालाही माहीत होतं. आम्हीच तर त्यांना दवाखान्यात नेत होतो. पण आता आठ लाख भोग्यावर द्यायला कुणी तयार होईना. लोक यायचे, घर बघायचे, नळ बघायचे आणि सहाच्या वर जायचे नाहीत. महिना संपत आला. मी जिन्यावरून उतरताना त्या दार लोटून घ्यायच्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा! मलाही दोष कुणाला द्यावा कळेना. पैसे माझे, हक्क माझा, आणि तरी जिना उतरायची मलाच लाज वाटायची.

महिनाअखेरीला चार दिवस होते. मी टेबलावर मान खाली घालून काम करत होते. टोकनचा नंबर पुकारला. समोर कोण येऊन बसावं? सरोजम्मा! रेशमी साडी, केसात मोगरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घराची कागदपत्रं.

"अम्मा, तुम्ही इथं?" मी हळूच म्हटलं.

"नमस्कारा मॅडम," त्या मोठ्यानं म्हणाल्या. ओळखसुद्धा दाखवली नाही. त्यांना वाटलं असावं, ओळख दाखवली तर माझ्या नोकरीला धोका. "मला आठ लाख कर्ज पाहिजे. किती झेपेल ते बघून सांगा."

फॉर्ममध्ये विचारावंच लागतं. मी विचारलं, "कशासाठी?"

"भाडेकरूचे परत द्यायचे आहेत."

मी आकडे घातले. वय एकाहत्तर. नवऱ्यामागची पेन्शन चौदा हजार. कॉम्प्युटरला विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही. शून्य. वीस वर्षांत मी हजारो लोकांना नाही म्हटलंय, पण त्या दिवशी जमलं नाही. मी नुसताच स्क्रीन त्यांच्याकडं वळवला.

"परत बघा," सरोजम्मा म्हणाल्या. "घाईत बघितलं असेल."

सोमशेखर सार मागून ऐकत होते. त्यांना राहवलं नाही. "कोण हो हा भाडेकरू? एकाहत्तर वर्षांच्या बाईला कर्ज काढायला लावतो! माणुसकी आहे की नाही?"

मी की-बोर्डकडं बघत राहिले. कुलकर्णी छताकडं.

"छे छे, सार," सरोजम्मा म्हणाल्या. "माणसं फार चांगली. बाई जरा मोठ्यानं बोलते. आणि सारखं नळ, नळ करते. बाकी चांगली."

नंजुंडप्पा त्यांच्यासमोर कॉफी ठेवत होता. त्यानं सरळ माझ्याकडं बोट केलं. "सार, तो भाडेकरू ह्या."

सार लाल झाले, मी लाल झाले. फक्त सरोजम्मा निवांत बशीत कॉफी ओतून प्यायल्या. मग सारांनी खुर्ची ओढली आणि त्यांना विचारलं, "अम्मा, घर विकायचा विचार नाही केला?"

"मुलगा तेच म्हणतो. विक आणि हुब्बळीला माझ्याकडं ये. पण माझी फुलवाली इथं, माझा डॉक्टर इथं. हुब्बळीत मला हाक कोण मारणार? घर विकायला माझी ना नाही. गल्ली सोडायला आहे."

सारांनी माझ्याकडं बघितलं. "सुनंदा मॅडम, बाजूला सरका." माझ्या खुर्चीत बसले, माझं नाव घातलं, आणि माझ्यासमोर मलाच सांगितलं, "तुम्हाला सत्तावीस लाखांचं कर्ज झेपेल."

"माहीत आहे सार."

"मग अम्मांचंच घर का घेत नाही?"

खरं सांगते, अठरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रोज त्याच जिन्यावरून उतरून मी घर शोधायला जायची! सरोजम्मा पण बशी धरून माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिला दिलं तर मला बरं."

बाहेरचा व्हॅल्युअर आला, त्यानं घराचे पन्नास लाख केले. मुलगा हुब्बळीहून येऊन बघून गेला, त्यालाही पटलं. माझे झाले सत्तेचाळीस, कारण आठ लाख तर आधीच त्यांच्याकडं होते. ते किमतीतून वजा. तीन कमी पडत होते. सरोजम्मा म्हणाल्या, तीन राहू देत. मी म्हटलं, नाही. म्हातारीला लुबाडून मी त्या घरात झोपणार कशी?

संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर बसून रडले. तीन लाखांसाठी हातचं घर जाणार होतं. हे चष्मा पुसत म्हणाले, "अगं, चिटफंडात तीन आहेत."

"कुणाचे?"

"माझेच."

"कधीपासून?"

"तू ते शिवणवाल्या बाईचं सांगितलंस ना, तेव्हापासून. मला ती कल्पना आवडली."

मला हसावं की मारावं कळेना. मी त्या जोडप्याचा किस्सा निम्म्या म्हैसूरला सांगून हसवलं होतं!

फाइल सारांनी स्वतः केली. नोंदणीचा खर्च माझ्या पीएफमधून निघाला. नोंदणीच्या दिवशी मुलगा आला, सह्या झाल्या, अंगठे झाले, सरोजम्मांच्या खात्यात पैसे जमा झाले. अठरा वर्षांनी मी घराची मालकीण! रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर झाडाखाली मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, "अम्मा, तुम्ही खाली राहायचं. हवं तितकी वर्षं. एक पैसा नको."

त्या अशा भडकल्या! "फुकट राहायला मी काय पाहुणी आहे?" पिशवीतून चेकबुक काढलं, पेन माझ्याकडूनच मागितलं. आठ लाख लिहिले. "तळमजला. तीन वर्षं. भोग्यावर. अ‍ॅग्रीमेंट कर, तोंडी चालणार नाही."

सार म्हणाले, "अम्मा, हे तुम्हाला झेपेल ना?"

"बाकीच्या पैशाचं व्याज येईल, त्यात भागेल. तुमच्या कॉम्प्युटरला विचारू नका."

अ‍ॅग्रीमेंट केलं. आठ लाख फिरून माझ्या हातात आले. मी ते सरळ बँकेत मुदतठेवीत टाकले. भोग्याच्या पैशाला हात लावायचा नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? त्या दिवसापासून खालचं दार परत उघडं राहायला लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी आमच्या दारावर थाप. उघडलं तर सरोजम्मा. पदर खोचलेला, चेहरा गंभीर.

"ओनर अम्मा," मला म्हणाल्या, "खालच्या बाथरूमचा नळ गळतोय. भोग्याच्या घरात दुरुस्ती मालकानं करायची असते, अल्वा?"

अठरा वर्षं मी ह्या दिवसाची वाट बघत होते! कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं, "दसरा होऊन जाऊ दे, मग बघू."

त्या जिना उतरून गेल्या. ह्यांना राहवलं नाही. पाना घेतला आणि मागोमाग खाली गेले. अर्ध्या तासानं वर आले. एका हातात पाना, दुसऱ्या हातात पायसाची वाटी.

"झाला का दुरुस्त?" मी विचारलं.

"अगं," हे म्हणाले, "नळ गळतच नाहीय."